एजंट कोड लिहितो, मग डेव्हलपर काय करतो?

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातल्या आयटी पार्कमध्ये ज्यांच्या घरचं कुणी नोकरीला आहे, त्यांच्या कानावर हल्ली 'एजंट' हा शब्द सारखा पडत असेल. "आता कोड एजंटच लिहितो," असं मुलगी जेवताना सहज सांगते आणि आईवडिलांना पहिली काळजी वाटते ती नोकरीची. दुसरा प्रश्न ते बोलून दाखवत नाहीत: कोड यंत्र लिहीत असेल, तर ही रात्री नऊपर्यंत ऑफिसात करते काय? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की पहिल्याचंही बरंचसं उमगतं. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

## एजंट म्हणजे नेमकं काय

आपल्याकडे एजंट म्हटलं की आरटीओचा एजंट डोळ्यांसमोर येतो, आणि इथे ते उदाहरण चांगलं लागू पडतं. त्याला तुम्ही 'गाडी माझ्या नावावर करून द्या' एवढंच सांगता. कोणता फॉर्म लागेल, आधी कोणत्या खिडकीवर जायचं, हे तो बघतो. 'पीयूसीची मुदत संपलीय' असं खिडकीवरून ऐकून आला की राहिलेला कागद जोडतो आणि पुन्हा रांगेत उभा राहतो. काम होईपर्यंत त्याच्या खेपा चालू असतात.

कोडिंग एजंटचं कामही खेपांचंच. त्याच्या मध्यभागी असतं भाषा-मॉडेल, म्हणजे अफाट मजकूर आणि कोड वाचून घडवलेला, समोरच्या मजकुरापुढे काय यावं ते सुचवणारा प्रोग्राम. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आलं तेव्हा तेवढंच होतं: तुम्ही अर्धी ओळ लिहायची, ते पुरी करणार. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि प्रश्न विचारून कोड मिळू लागला. पण तो उचलून आपल्या फायलीत चिकटवायचा, चालवून बघायचा, एरर आली की ती परत नेऊन दाखवायची, या खेपा माणूसच घालत होता. एजंटमध्ये त्या खेपा मॉडेलकडे गेल्या. फाईल वाचणं, फायलींत शोधणं, फाईल बदलणं आणि कमांड चालवणं, एवढी चार हत्यारं त्याच्या हाती दिली की ते स्वतः कोड लिहितं, चालवतं, एरर वाचतं आणि पुन्हा लिहितं. क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर ही सगळी याच जातीची साधनं.

प्रगती किती झपाट्याने झाली, याची एक मोजपट्टी आहे. २०२३ मध्ये संशोधकांनी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या १२ लोकप्रिय प्रकल्पांमधल्या २,२९४ खऱ्या तक्रारी गोळा करून एसडब्ल्यूई-बेंच नावाची परीक्षा तयार केली. तेव्हा सर्वांत हुशार मॉडेलला २ टक्केही सोडवता आल्या नाहीत. माणसांनी तपासून निवडलेल्या ५०० तक्रारींच्या संचावर २०२५ मध्ये एजंट ७० टक्क्यांच्या पुढे गेले. अर्थात हे प्रकल्प सगळ्यांसाठी खुले आहेत आणि मॉडेलनी ते आधी वाचलेले असू शकतात. तुमच्या कंपनीतला पंधरा वर्षांचा, कुणीच नीट न लिहून ठेवलेला कोड ही वेगळीच गोष्ट आहे.

## एक काम जवळून पाहू

समजा, घोडबंदर रोडवरच्या एका गृहनिर्माण सोसायटीसाठी मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर आहे. एजंटला सांगितलं: 'थकबाकीवर वार्षिक १८ टक्के व्याज लाव.' तो बिलाची फाईल शोधतो, व्याजाचं फंक्शन (एक ठराविक काम करणारा कोडचा तुकडा) लिहितो, सहा टेस्ट लिहितो (टेस्ट म्हणजे 'अमुक दिलं तर तमुक यायला हवं' हे तपासणारा छोटा कोड), चालवतो, दोन नापास होतात, दुरुस्ती करतो, सहाही हिरव्या, म्हणजे पास. सगळं दहा मिनिटांत. कोड नीटनेटका, नावं सुबक, वर टिप्पणीसुद्धा.

आता आत डोकावू. त्याने मागच्या बिलाची शेवटची बाकी घेतली आणि तिला दरमहा दीड टक्का लावला. पण त्या बाकीत आधीच्या महिन्याचं व्याज धरलेलं असतं. म्हणजे व्याजावर व्याज चढलं, चक्रवाढ झालं. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लागतं. १२,००० रुपये वर्षभर थकले तर सरळव्याज होतं २,१६०. या कोडने काढलं २,३४७. एकेका सभासदाकडून १८७ रुपये जास्त, आणि वार्षिक सभेत भांडण ठरलेलं. टेस्ट मग पास कशा झाल्या? कारण अपेक्षित आकडेही एजंटनेच त्याच चुकीच्या समजुतीने काढले होते. उत्तरपत्रिका लिहिणारा आणि तपासणारा एकच असला की शंभर टक्के मिळणारच.

दुसरी गोष्ट वेळेची. बिल भरायची शेवटची तारीख १०. एक सभासद ११ तारखेला रात्री साडेबाराला यूपीआयने पैसे भरतो. सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्याच्या लेखी ती १० तारखेची, संध्याकाळी सातची नोंद, दंड नाही. हाच प्रकार १ एप्रिलच्या पहाटे दोन वाजता झाला तर पावती आदल्या आर्थिक वर्षात जाते आणि ऑडिटर विचारतो, हा फरक कुठून आला.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. सभासदाने अर्धेच पैसे भरले, तर ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात? एजंटला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने त्याच्या मनाने एक निवडलं आणि तसं केल्याचं सांगितलंही नाही. हा खरं तर कमिटीचा निर्णय.

या तिन्हींत टायपिंगची चूक एकही नाही. स्वल्पविराम विसरणं, चुकीच्या नावाचं फंक्शन बोलावणं, असल्या चुका एजंट आपल्या आपण निस्तरतो. उरतं ते न बोललेलं: जे सगळ्यांना 'माहीत असतं' म्हणून कुठेच लिहिलेलं नसतं. पूर्वी डेव्हलपर कोड लिहितालिहिता अडायचा, उठून विचारायला जायचा, "अहो, हे व्याज सरळ ना?" त्या अडण्यात निम्मं डिझाइन व्हायचं. एजंट अडत नाही. म्हणून आता ते अडणं आधीच ठरवून करावं लागतं, आणि डेव्हलपरचा दिवस त्यातच जातो.

## मग कामाची पद्धत कशी बदलते

अनुभवी टीममध्ये आता पहिली सूचना 'लिही' अशी नसते. 'फक्त वाच, काही बदलू नकोस, काय करणार ते सांग आणि काय स्पष्ट नाही ते विचार' अशी असते. या एका टप्प्यात वरच्या तीनपैकी दोन चुका तरी बाहेर पडतात. मग अपेक्षित आकडे माणूस देतो: १२,००० रुपये, १८ टक्के, १२ महिने, उत्तर २,१६०. कागदावर हिशेब करून दिलेली अशी चार-पाच उदाहरणं, एजंटने स्वतः लिहिलेल्या पन्नास टेस्टपेक्षा मोलाची.

काम वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे मूळ कोडच्या बाजूच्या प्रतीवर करून घ्यायचं. बदल लहान ठेवायचा. दोन-तीनशे ओळींपर्यंत माणूस मन लावून वाचतो, दोन हजार ओळी समोर आल्या की तो 'ठीक दिसतंय' म्हणून पुढे ढकलतो. तपासताना सर्वांत आधी टेस्टच्या फायलींत काय बदललं ते बघावं. टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच सैल केली, एरर गिळून टाकली, किंवा उत्तर थेट कोडमध्ये लिहून टाकलं, या एजंटच्या ओळखीच्या खोडी आहेत. 'हिरवं कर' एवढंच त्याला कळलेलं असतं. लोककथेतला सांगकाम्या आठवा: सांगितलं ते केलं, अर्थ मालकाचा मालकाकडे राहिला.

अजून एक मर्यादा. मॉडेल शब्दांचे तुकडे मोजतं, त्यांना टोकन म्हणतात, आणि एका वेळी त्याच्यासमोर ठराविक टोकनच मावतात. काही मॉडेलना ही मर्यादा २ लाखांच्या आसपास असते, काहींना त्याहून बरीच जास्त. बोलणं लांबलं की जुना भाग गोषवारा करून गुंडाळला जातो आणि सकाळी दिलेली 'या फोल्डरला हात लावू नकोस' ही सूचना त्यात हरवते. म्हणून एका कामाला एक नवं सत्र, आणि कायमच्या सूचना प्रकल्पातल्या एका फायलीत. त्या फायलीत टेस्ट कशी चालवायची, कुठे हात लावायचा नाही, रक्कम पैशांत ठेवायची की रुपयांत, असलं पान-दीड पान पुरे. तिची आठशे ओळींची पोथी केली की त्यातलं महत्त्वाचं काय, हेच एजंटला कळेनासं होतं.

## आर्किटेक्चर: ठाण्याची गल्ली आणि सिडकोचा सेक्टर

सॉफ्टवेअरचं आर्किटेक्चर म्हणजे कोणता भाग काय करतो, कोण कुणावर अवलंबून आहे, आणि पुढे काय बदलणं महागात पडेल, याची मांडणी. एजंट कोड लिहू लागल्यावर या मांडणीची गरज उरणार नाही, असा एक समज आहे. घडतंय नेमकं उलट.

नौपाडा किंवा जांभळी नाक्याकडच्या जुन्या गल्लीत रस्ता खणायचा असेल, तर खालून कोणती पाइपलाइन कुठे जाते हे नकाशापेक्षा जुन्या प्लंबरला जास्त ठाऊक असतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नोड, नोडात सेक्टर, अशी आखणी करून नवी मुंबई उभी राहिली. तिथे सेक्टरचा नकाशा हातात दिला तर बाहेरगावचा कंत्राटदारही काम उरकतो. शेजारच्या सेक्टरचं पाणी जाईल अशी धास्ती नसते.

एजंट हा रोज सकाळी पहिल्यांदाच शहरात उतरणारा कंत्राटदार आहे. जुन्या प्लंबरची आठवण त्याच्याकडे नाही. जिथे बिलिंग, सभासदांची नोंद, गेटवरची पाहुण्यांची नोंद हे भाग वेगळे आणि मधल्या सीमा स्पष्ट आहेत, तिथे तो चोख काम करतो. जिथे बिलाचा कोड परस्पर गेटच्या माहितीच्या टेबलमध्ये हात घालतो, तिथे तो एक दुरुस्त करताना दुसरं मोडतो. शिवाय आधीपासून असलेलं फंक्शन त्याला सापडत नाही आणि तो तसंच दुसरं लिहितो. वर्षभरात तारीख मोजणारी पाच फंक्शन जमतात, प्रत्येकाचं ३१ मार्चचं उत्तर वेगळं.

म्हणून 'बिलिंगने गेटचा कोड थेट वापरायचा नाही' हा नियम आता नुसता तोंडी ठेवून भागत नाही. तो मोडला की बिल्ड (कोड एकत्र जोडून तयार करण्याची पायरी) लाल व्हावं, म्हणजे तिथेच अडावं, अशी तपासणी लावावी लागते. जावामध्ये आर्कयुनिट हे साधन त्यासाठीच आहे. ज्या भाषांत प्रत्येक गोष्टीचा प्रकार (आकडा की मजकूर) कोड चालवण्याआधीच तपासला जातो, जसं टाइपस्क्रिप्ट, तिथे चूक काही सेकंदांत कळते आणि एजंट ती लगेच सुधारतो.

मग सगळं लहानलहान सेवांत, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, तोडावं का? मध्यम आकाराच्या कामाला तरी तसं करू नये, असं मला ठामपणे वाटतं. वीस सेवा वीस ठिकाणी ठेवल्या की एजंटला एका वेळी एकच दिसते. पलीकडच्या सेवेला काय हवंय याचा तो अंदाज बांधतो. एकाच ठिकाणी ठेवलेला, पण आतून सेक्टरसारखा आखलेला प्रोग्राम त्याला आणि माणसालाही सोयीचा. आणि नवी मुंबईतही सेक्टरांच्या मधे गावठाणं आहेतच. प्रत्येक कंपनीत तसा एक जुना भाग असतो. तो पाडायची घाई न करता त्याच्याकडे जायचा रस्ता एकच ठेवावा, हे उत्तम.

नकाशासोबत 'का' सुद्धा लिहून ठेवावं लागतं. प्रत्येक मोठ्या निर्णयाला अर्धं पान: तारीख, प्रश्न काय होता, काय ठरलं, काय नाकारलं, कशामुळे. 'व्याज सरळ, कारण उपविधी, अर्धी रक्कम आल्यास वळती करण्याचा क्रम कमिटीच्या ठरावाप्रमाणे.' ही नोंद प्रकल्पातच असेल, तर पुढच्या वेळी एजंट ती वाचून कामाला लागतो. अशा नोंदी ठेवा, असं आर्किटेक्ट कित्येक वर्षं कानीकपाळी ओरडत होते. आता त्यांचा फायदा त्याच दिवशी दिसतो.

टेस्टच्या वेगाचंही तसंच. एका कामात दहा खेपा धरल्या आणि टेस्टचा संच ४० मिनिटं चालत असेल, तर ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास निव्वळ वाट बघण्यात जातात. तोच संच ४० सेकंदांवर आणला तर सात मिनिटंही लागत नाहीत. एजंट महागडा घ्यावा की टेस्ट जलद कराव्यात, असा प्रश्न आला तर आधी टेस्ट.

## "पण वेग खरंच वाढतो का?"

शंका रास्त आहे. एमईटीआर या संस्थेने २०२५ च्या सुरुवातीच्या साधनांवर एक प्रयोग केला. १६ अनुभवी डेव्हलपर, त्यांच्या नेहमीच्या ओळखीच्या प्रकल्पांमधली २४६ कामं. एआय वापरल्यावर त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. विशेष म्हणजे काम संपल्यावरही त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण २० टक्के लवकर आटोपलं. साधनं त्यानंतर सुधारली आहेत, पण जाणवणारा वेग आणि घड्याळातला वेग वेगळे असतात, हा धडा टिकणारा आहे. ज्याला आपला कोड पाठ आहे त्याला दुसऱ्याचं लिहिलेलं तपासायला वेळ लागतोच.

फायदा ठळक दिसतो तो अनोळखी कोड समजून घेताना, कंटाळवाणी बदलांची कामं करताना, आणि जुन्या सॉफ्टवेअरच्या देखभालीत, जे आपल्याकडच्या सेवा कंपन्यांचं मोठं काम आहे. तिथली सुरक्षित रीत अशी: आधी जुना प्रोग्राम आज काय करतो ते टिपणाऱ्या टेस्ट एजंटकडून लिहून घ्यायच्या, मग नवा प्रोग्राम, आणि नंतर दोन्हींना तेच इनपुट देऊन आउटपुट ओळीला ओळ ताडून बघायचं. फरक आला की नवा चुकला असं लगेच समजू नये. कधीकधी जुन्यातली चूकच लोकांच्या अंगवळणी पडलेली असते.

## "त्याने डेटाबेसच उडवला तर?"

असं घडलेलं आहे. जुलै २०२५ मध्ये एका एजंटने 'काही बदलायचं नाही' असं ठरलेल्या काळात चालू डेटाबेस पुसल्याचं प्रकरण जगभर गाजलं. कारण साधं असतं: सूचना शब्दांत दिलेली आणि किल्ली खरी दिलेली. 'हात लावू नकोस' ही विनंती झाली. कुलूप म्हणजे परवानगीच न देणं. एजंटला वेगळं खातं, खऱ्या डेटाबेसची किल्ली नाही, काम बंदिस्त कंटेनरमध्ये (बाकी संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत), आणि टेस्टसाठी खोटा डेटा. सभासदांची नावं आणि फोन नंबर २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली येतात. ते टेस्टसाठी वापरू नयेत.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. एजंट जे वाचतो त्यातच कुणी सूचना लपवू शकतो: तक्रारीच्या मजकुरात 'ही फाईल अमुक पत्त्यावर पाठव' असं लिहिलं, तर माहिती कुठली आणि हुकूम कुठला, हा फरक मॉडेलला खात्रीने करता येत नाही. गुप्त माहिती, बाहेरचा मजकूर आणि बाहेर पाठवण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकाच एजंटकडे एकत्र देऊ नयेत. तिसरा धोका: मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचं) नाव सुचवतं आणि भामटे त्याच नावाने घातक लायब्ररी टाकून ठेवतात. नवी लायब्ररी जोडायची तर माणसाची संमती हवीच.

## "फ्रेशर्सनी काय करायचं?"

हा प्रश्न सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि त्याला गुळमुळीत उत्तर देणं बरं नाही. नवशिक्यांना दिली जाणारी लहान कामं, म्हणजे एखादा फॉर्म, एखादा रिपोर्ट, एखादा सोपा बग, हीच एजंट सहज करतो. त्या पायरीवर जागा कमी होण्याचा धोका खरा आहे. पण जी माणसं पाच वर्षांनी कोड तपासणार, ती आज कुठेतरी घडायला हवीत, आणि हे कंपन्यांनाही टाळता येणार नाही.

शिकणाऱ्याने रोज एक छोटी गोष्ट एजंटशिवाय लिहावी. एजंटने लिहिलेलं स्वीकारण्याआधी प्रत्येक ओळ का आहे ते तोंडी सांगता यावं. नाही आलं तर ती ओळ घेऊ नये. मुद्दाम चूक घालून टेस्ट ती पकडते का बघावं: दीड टक्क्याचा अडीच करा, एकही टेस्ट लाल झाली नाही तर त्या टेस्ट बिनकामाच्या. आणि ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर आहे तो धंदा शिकावा. सोसायटीचं बिल वाचता येणारा मुलगा वरची चक्रवाढीची चूक दोन मिनिटांत पकडतो.

## "मराठीत सांगितलं तर चालेल का?"

चालतं. मात्र देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, त्यामुळे खर्च थोडा वाढतो. खरी अडचण शब्दांच्या अर्थाची. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्याने दिल्यावरचं शुल्क, महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि त्यात महापालिकेचे कर धरायचे नसतात. बिल ५,००० चं आणि त्यातलं सेवाशुल्क २,२०० असेल तर हे शुल्क जास्तीत जास्त २२०. एजंटला नुसतं '१० टक्के' सांगितलं तर तो सरळ ५०० लावून मोकळा होईल. म्हणून थकबाकी, सेवाशुल्क, सिंकिंग फंड, हस्तांतरण शुल्क अशा प्रत्येक शब्दाचा अर्थ आणि हिशेब एका शब्दयादीत लिहून प्रकल्पात ठेवावा.

## "मग सोसायटीचं सॉफ्टवेअर घरीच बनवू का?"

सेक्रेटरींचा इंजिनीअर मुलगा दोन शनिवार-रविवारांत चालणारं काहीतरी उभं करू शकतो, हे आता खरं आहे. पाण्याच्या टँकरची नोंद, हॉलचं बुकिंग, अशा कामांना जरूर करावं. पैशांचा हिशेब असेल तर निदान तीन महिने जुन्या पद्धतीची बिलं आणि नवी बिलं शेजारी ठेवून ताडावीत. रोजचा बॅकअप घ्यावा आणि महिन्यातून एकदा तो खरोखर परत चढवून बघावा. सगळी माहिती एक्सेलमध्ये काढता यायला हवी. आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला गेल्यावर पासवर्ड, सूचनांची फाईल आणि निर्णयांच्या नोंदी कुणाकडे असतील, ते नाव कमिटीच्या इतिवृत्तात आधीच लिहून ठेवावं.